हजार कॅलरींचा फरक

करकंबच्या आठवडी बाजारात ज्याने एकदा आमटी ओरपली आहे, त्याला तिचे कौतुक वेगळे सांगावे लागत नाही. चार-पाच प्रकारच्या डाळी, काळा मसाला, वर लाल तर्री आणि त्यात कुस्करलेली भाकरी. पंढरपूर तालुक्यातल्या या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले त्यात या ‘बाजार आमटी’चा वाटा मोठा आहे. बाजाराला आलेल्या शेतकऱ्याचे आणि मजुराचे पोट कमी पैशांत भरावे, एवढीच तिच्यामागची साधी गरज. पण आहारशास्त्राच्या नजरेने पाहिले तर त्या वाडग्यात प्रथिने आहेत, स्निग्धांश आहे आणि भाकरीमुळे भरपूर ऊर्जाही आहे.

ऐंशी वर्षांपूर्वी अशाच डाळीची आणि पिठाची पाकिटे बोटीने आणि रेल्वेने हजारो मैल दूर, युरोपातल्या काटेरी तारांच्या आत जात होती. दुसऱ्या महायुद्धात इटली आणि जर्मनीच्या कैदेत असलेल्या भारतीय सैनिकांसाठी लंडनमध्ये ‘इंडियन कम्फर्ट्‌स फंड’ नावाची संस्था काम करत होती. आटा, डाळ, मसाला असे भारतीय जेवणाचे सामान भरून तिने पंधरा लाखांहून अधिक पार्सले पाठवली. त्या पार्सलांनी किती जीव वाचवले याचा हिशेब नेमका मांडता येत नाही. मात्र जर्मन छावण्यांत अन्नाची पार्सले मिळालेले आणि न मिळालेले कैदी यांच्यात जो फरक दिसला, तो आजही क्षयरोगाच्या प्रत्येक डॉक्टरने आणि क्षयरुग्ण असलेल्या प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे.

अधिकाऱ्यांच्या वेगळ्या छावण्या

जर्मनांनी युद्धकैद्यांच्या छावण्यांचे दोन मुख्य प्रकार केले होते. साध्या सैनिकांसाठी ‘श्टालाग’ आणि पकडलेल्या अधिकाऱ्यांसाठी ‘ओफ्लाग’. ‘ओफ्लाग’ म्हणजे ‘ऑफिझीर्सलागर’ या लांबलचक जर्मन शब्दाचे लघुरूप. अर्थ सरळ, अधिकाऱ्यांची छावणी. जुने किल्ले, लष्करी बराकी, कुठे शाळा-वसतिगृहे यांना तारांचे कुंपण घालून त्या उभ्या केल्या होत्या. लष्करी विभागाचा रोमन आकडा आणि पुढे एक अक्षर, असे त्यांचे नामकरण असे. सॅक्सनी प्रांतातला कोल्डिट्झचा किल्ला म्हणजे ‘ओफ्लाग चार-सी’. पुन्हापुन्हा पळून जाणाऱ्या किंवा त्रासदायक ठरलेल्या अधिकाऱ्यांना तिथे ठेवत.

१९२९ च्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांचे हक्क लिहिलेले होते. पकडणाऱ्या देशाने आपल्या राखीव तुकड्यांतल्या सैनिकांना जेवढे आणि जसे अन्न दिले जाते तेवढे आणि तसेच कैद्यांना द्यावे, महिन्यातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी करावी, अधिकाऱ्यांकडून सक्तीने काम करवून घेऊ नये, अशी त्यात कलमे होती. ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकन कैद्यांच्या बाबतीत जर्मनीने हा करार बऱ्याच अंशी पाळला. सोव्हिएत रशियाने त्यावर सही केलेली नव्हती. ते निमित्त करून, आणि वंशद्वेषाच्या धोरणापायी, रशियन कैद्यांना अक्षरशः उपाशी ठेवले गेले. पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी सुमारे ३३ लाख कैदेत मेले असे इतिहासकार मानतात. त्यांत अधिकारीही होते आणि शिपाईही. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

तोब्रुकचे मराठे

या कैदेचा महाराष्ट्राशी संबंध उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातून येतो. जून १९४२ मध्ये जनरल रोमेलने लिबियातल्या तोब्रुकवर हल्ला चढवला. तोब्रुकच्या आग्नेय बाजूचे संरक्षण अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होते आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. २० जूनला हल्ल्याचा पहिला जोर याच बाजूवर आला. २१ जूनला तोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. सातारा, कोल्हापूर, कोकण अशा भागांतून भरती झालेले जवान त्या दिवशी पलटणीसह शत्रूच्या हाती गेले. त्याच काळात गझालाच्या लढाईत पकडले गेलेले एक तरुण अधिकारी म्हणजे पी. पी. कुमारमंगलम. पुढे १९६६ मध्ये ते स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले.

आफ्रिकेत पकडलेले कैदी आधी इटलीच्या ताब्यात जात. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा काही कैद्यांनी संधी साधून पळ काढला. उरलेल्यांपैकी अनेकांना जर्मनांनी मालगाड्यांत कोंबून आपल्याकडे नेले.

कोल्डिट्झमधले भारतीय डॉक्टर

कोल्डिट्झच्या किल्ल्यात एकच भारतीय कैदी होता आणि तो डॉक्टर होता. डॉ. बिरेंद्रनाथ मजुमदार मूळचे बिहारमधल्या गयेचे, वडील शल्यचिकित्सक. १९३१ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. मनाने ते स्वातंत्र्यवादी होते, तरी युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात कॅप्टन म्हणून दाखल झाले. मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये जखमींच्या रुग्णवाहिकांचा ताफा घेऊन जाताना ते पकडले गेले. एकामागून एक छावण्या बदलत, रुग्णांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तक्रारी करत ते १९४१ मध्ये कोल्डिट्झला पोहोचले.

तिथे त्यांना दोन बाजूंनी एकटे पाडले गेले. जर्मनांनी त्यांना बर्लिनला नेऊन सुभाषचंद्र बोस यांच्याशी भेट घडवली. बोस यांच्या फौजेत येण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले, कारण घेतलेली शपथ मोडायची नाही असे त्यांचे मत होते. परत आल्यावर काही ब्रिटिश अधिकारी त्यांच्याकडेच संशयाने पाहू लागले. पळून जाण्याच्या कटांत त्यांना घेतले जाईना. सावळ्या रंगाचा माणूस जर्मनीत लपणार कसा, हे कारण दिले जाई.

भारतीयांच्या छावणीत बदली करा, ही त्यांची मागणी वारंवार फेटाळली गेली. शेवटी १९४३ च्या सुरुवातीला त्यांनी अन्न सोडले. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महात्मा गांधींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले होते. हजारो मैल दूर, जर्मन किल्ल्यात, एक भारतीय डॉक्टर तोच मार्ग चालत होता. आपल्या शरीरात काय घडते आहे हे त्याला वैद्यकीय ज्ञानामुळे नेमके ठाऊक होते. सुमारे दोन आठवड्यांनी जर्मन नमले. मजुमदारांना फ्रान्समधल्या भारतीय कैद्यांच्या छावणीत हलवले गेले. तिथून ते निसटले आणि १९४३ च्या उन्हाळ्यात, फ्रेंच कुटुंबांच्या मदतीने आठवडेच्या आठवडे पायी चालत, एका भारतीय सोबत्याबरोबर स्वित्झर्लंडला पोहोचले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये रुग्णसेवा करताना डिसेंबर १९४२ मध्ये गेले. त्यांचे नाव जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. मजुमदारांचे नाव मात्र अलीकडेपर्यंत फारसे कुणाच्या कानावर नव्हते.

भुकेत शरीर काय करते

अनेक छावण्यांत जर्मन शिधा साधारण असा असे : सकाळी धान्य किंवा ओकची फळे भाजून केलेली नकली कॉफी, दुपारी कोबी किंवा सलगमासारख्या कंदाचे पातळ सूप, थोडे बटाटे आणि काळ्या पावाचे काही तुकडे. दिवसाला दीड हजार कॅलरींच्या आसपास, आणि शेवटच्या हिवाळ्यात त्याहूनही खाली. साठ किलोच्या पुरुषाला नुसते पडून राहायलाही सुमारे चौदाशे-पंधराशे कॅलरी लागतात. म्हणजे उठणे, चालणे, थंडीत अंग गरम ठेवणे यासाठीची ऊर्जा शरीराने स्वतःच्याच चरबीतून आणि स्नायूंतून काढायची.

अधिकाऱ्यांना काम नव्हते ही सवलत होती. पण तिची एक दुसरी बाजूही होती. शेतावर किंवा कारखान्यात राबणाऱ्या शिपायाला कामाचा जादा शिधा मिळे, बाहेरच्या लोकांशी देवघेव करून एखादे अंडे, चार बटाटे मिळवता येत. किल्ल्यात बंद असलेल्या अधिकाऱ्याला तो मार्ग नव्हता. त्याची सगळी भिस्त रेडक्रॉसच्या पार्सलावर. सुमारे पाच किलोचे ते खोके दर आठवड्याला माणशी एक मिळावे अशी योजना होती. दुधाची भुकटी, डबाबंद मांस, लोणी, साखर, चॉकलेट, बिस्किटे, चहा असे त्यात असे. बहुतेक ठिकाणी गटागटाने खोकी एकत्र करून जेवण शिजवत. १९४४ च्या अखेरीस रेल्वेमार्गांवर बॉम्ब पडू लागले आणि पार्सले येणे थांबत गेले. तेव्हा त्याच छावण्यांत माणसे झपाट्याने वाळू लागली.

भुकेचा परिणाम फक्त वजनावर होत नाही. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन जवळपास एक-चतुर्थांश घटले. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली. याहून चकित करणारे बदल मनात झाले. शांत स्वभावाची तरुण मुले चिडचिडी, उदास आणि एकलकोंडी झाली. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरे काही नसे. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. कैदेतल्या अधिकाऱ्यांच्या वह्यांमध्येही अशाच पाककृती आणि घरी गेल्यावरच्या जेवणाच्या याद्या सापडतात. शरीराने ऊर्जा वाचवण्यासाठी मनाचे बाकीचे दिवे मालवलेले असतात.

तारेचा आजार

पोटापलीकडचा आणखी एक आजार छावण्यांत दिसे. स्विस डॉक्टर ए. एल. फिशर यांनी पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांचे निरीक्षण करून त्याला ‘काटेरी तारेचा आजार’ असे नाव दिले. चिडचिड, झोप न लागणे, एकाग्रता जाणे, विसराळूपणा, सोबत्यांविषयी विनाकारण संशय. सुटका कधी होणार याचा अंदाज नसणे, चोवीस तास गर्दीत राहणे आणि हाताला काम नसणे ही त्याची कारणे. पहिल्या महायुद्धात खुद्द आपल्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांची मोठी छावणी होती. तार कुणीही लावली आणि आत कुणीही असला तरी मनाची अवस्था सारखीच होते.

त्यावरचा उपाय कैद्यांनी स्वतःच शोधला. ऑस्ट्रियातल्या एडेलबाखच्या अधिकारी छावणीत फ्रेंच गणिती जाँ लरे यांनी कैद्यांचे विद्यापीठच चालवले आणि तिथेच गणिताच्या एका नव्या शाखेचा पाया घातला. इतिहासकार फर्नां ब्रोदेल यांनी माइन्झ आणि ल्युबेकच्या छावण्यांत, जवळ संदर्भ नसताना, भूमध्य समुद्राविषयीच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथाचा मसुदा लिहिला. ठरलेल्या वेळी ठरलेले काम, हे औषध तेव्हाही लागू पडले. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आजही ते लागू पडते.

सुजलेले पाय आणि एक छोटा प्रयोग

१९४१ मध्ये ग्रीसमधल्या सालोनिका इथल्या जर्मन छावणीत एक ब्रिटिश डॉक्टर कैदी म्हणून काम करत होते. त्यांचे नाव आर्ची कॉक्रन. रोजचे अन्न पाचशे कॅलरींच्या आसपास. कैद्यांचे पाय सुजू लागले. बोट दाबले की खळगा पडे आणि तो तसाच राही. कॉक्रन स्वतःही त्यातून सुटले नव्हते. आहारातल्या कसल्या तरी कमतरतेमुळे हे होते आहे असा त्यांना संशय होता, पण जर्मन अधिकाऱ्यांना पटवायला पुरावा हवा होता.

त्यांनी वीस रुग्ण निवडले आणि दहा-दहांचे दोन गट केले. एका गटाला रोज यीस्ट दिले, दुसऱ्याला क जीवनसत्त्व. यीस्टमध्ये ब गटातली जीवनसत्त्वे असतात. चौथ्या दिवसापर्यंत यीस्टच्या गटातले बहुतेक रुग्ण सुधारले, दुसऱ्या गटात फरक दिसला नाही. हे निष्कर्ष हाती घेऊन कॉक्रन जर्मनांकडे गेले आणि छावणीला यीस्ट मिळाले. पुढे हा प्रयोग किती कच्चा होता हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने कबूल केले. नंतर जर्मनीतल्या एल्स्टरहोर्स्टच्या रुग्णालयात क्षयाने आजारी कैद्यांवर उपचार करताना त्यांना सारखा एक प्रश्न छळत राहिला : आपण जे उपचार करतो आहोत त्यांचा उपयोग होतो याचा पुरावा कुठे आहे? त्या प्रश्नातून पुढे पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाची चळवळ वाढली. उपचारांचे पुरावे तपासून जगाला सांगणारी, १९९३ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

एकच छावणी, दोन नशिबे

कॉक्रन यांच्याप्रमाणेच जर्मन कैदेत असलेले आणखी एक ब्रिटिश डॉक्टर म्हणजे जी. बी. लेटन. सुटकेनंतर १९४६ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दीर्घकालीन उपासमारीच्या परिणामांवर लेख लिहिला. त्यातली एक तुलना वैद्यकीय इतिहासात टिकून राहिली.

एकाच जर्मन छावणीत ब्रिटिश आणि रशियन कैदी राहत होते. राहण्याची आणि कामाची परिस्थिती सारखी, जर्मन शिधाही सारखाच. फरक एवढाच की ब्रिटिशांना रेडक्रॉसची पार्सले मिळत आणि रशियनांना मिळत नसत. पार्सलांतून दिवसाला माणशी सुमारे एक हजार कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिने जादा जात. ब्रिटिश कैद्यांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण १.२ टक्के आढळले. रशियन कैद्यांमध्ये ते १५ ते १९ टक्के होते.

हा काटेकोर प्रयोग नव्हता, हे मान्य करायला हवे. रशियनांना मिळणारी वागणूक एकूणच अधिक क्रूर होती आणि कैदेआधीचे त्यांचे जीवनही वेगळे होते. पण बारा ते सोळा पटींचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. क्षयाचे जंतू दोन्ही गटांच्या आसपास होते. एका गटाच्या शरीरात त्यांना रोखून धरण्याची ताकद उरली होती.

ही ताकद कुठून येते? क्षयाचा जंतू श्वासातून फुफ्फुसात गेला म्हणजे लगेच रोग होतो असे नाही. जगातल्या सुमारे एक-चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला असतो. त्यांच्यापैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांच्या पांढऱ्या पेशी जंतूभोवती कडे करून त्याला कोंडून ठेवतात. हे कडे कायम राखायला प्रथिने, ऊर्जा आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये लागतात. अन्न तुटले की पहारा ढिला पडतो आणि वर्षानुवर्षे निपचित असलेला जंतू बाहेर येतो. अनेक देशांतल्या अभ्यासांवरून असे दिसते की उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, एका अंकाने वाढला की क्षयाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी घटतो.

विसरलेला धडा

औषधे येण्यापूर्वी हे सगळ्यांनाच ठाऊक होते. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हाच मुख्य उपचार असे. मग प्रभावी औषधे आली. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवले की गरीब घरात, साध्या आहारावर राहून औषधे घेणारे रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात. हा निष्कर्ष खरा होता आणि लाखो गरिबांना त्याचा फायदा झाला. पण त्यातून एक चुकीचा अर्थही निघाला : गोळ्या आहेत ना, मग अन्नाचे एवढे काय! रुग्ण बरा होण्याचा प्रश्न आणि त्याच्या घरातल्या बाकीच्यांना रोग न होण्याचा प्रश्न, हे दोन वेगळे आहेत हे नजरेआड झाले.

तो दुसरा प्रश्न भारतीय डॉक्टरांनीच नीट तपासला. झारखंडमध्ये २०१९ पासून डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘राशन्स’ नावाची मोठी चाचणी केली. २८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे तिच्यात होती. सर्व रुग्णांना औषधांबरोबर अन्न दिले. निम्म्या गटात घरातल्या बाकीच्या माणसांनाही शिधा दिला : प्रौढाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दिवसाला सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले आणि थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे पसरणारा क्षय ४८ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णांबाबतही एक महत्त्वाची गोष्ट दिसली. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता.

जर्मन छावणीत जे योगायोगाने दिसले होते, ते झारखंडच्या खेड्यांत शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध झाले.

उपाशी माणसाला जेवण कसे द्यावे

युद्धाच्या अखेरीस छावण्या मुक्त झाल्या तेव्हा आणखी एक कडू अनुभव आला. खंगलेल्या माणसांपुढे सैनिकांनी मायेने भरपेट जेवण ठेवले आणि त्यातले काही जण जेवल्यानंतर दगावले. याचे कारण आता माहीत आहे. दीर्घ उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम आणि ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. अचानक भरपूर पिष्टमय अन्न आले की इन्शुलिन वाढते, रक्तातले उरलेसुरले फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि हृदय, फुफ्फुसे व मेंदू अडचणीत येतात.

हा धोका आजही आहे. दीर्घ उपोषण सोडणारे, कर्करोगाने किंवा क्षयाने खंगलेले, दारूच्या व्यसनात अन्न सोडलेले, एकटे राहून दहा-दहा दिवस जेमतेम खाणारे वृद्ध हे सगळे त्या गटात येतात. अशा माणसाला एकदम ताट वाढू नये. थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यावे आणि वाढवत न्यावे. वजन फार घटले असेल तर रुग्णालयात रक्ततपासणी करून, ब-१ जीवनसत्त्व देऊनच सुरुवात करावी.

घरात काय करावे

घरात क्षयाचा रुग्ण निघाला की पहिल्यांदा त्याची औषधे, एकही दिवस न चुकता. अन्न हा औषधाला पर्याय नाही. सर्व घरच्यांनी तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास प्रतिबंधक औषध घ्यावे. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाचे वजन करून लिहून ठेवावे. लहान मुले, म्हातारी माणसे आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणारी घरची बाई यांच्याकडे विशेष पाहावे. रुग्णासाठी आणलेले दूध आणि अंडी त्यालाच दिली जातात, हे योग्यच. पण त्याची उस्तवार करणारीच्या ताटात काय उरते, हे सहसा कुणी पाहत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. ती तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रुग्णाच्या बँक खात्यात उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला एक हजार रुपये जमा होतात. खात्याची नोंद झाली आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. गावातली मंडळे, पतसंस्था, सुस्थितीतले शेतकरी ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाच्या कुटुंबाला शिधा देऊ शकतात.

आणि तो शिधा फार महाग असतो असेही नाही. जोंधळ्याच्या अडीच-तीन भाकरी म्हणजे सुमारे २०० ग्रॅम पीठ. त्यात साधारण ६७० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. त्यासोबत ५० ग्रॅम डाळीची घट्ट आमटी आणि ३० ग्रॅम दाण्यांची सोलापुरी शेंगाचटणी. बेरीज केली तर सुमारे एक हजार कॅलरी आणि ३० ग्रॅमहून अधिक प्रथिने होतात. जर्मन छावणीत ब्रिटिश कैद्याला रेडक्रॉसच्या खोक्यातून रोज जेवढे जादा मिळत होते, जवळपास तेवढेच. करकंबच्या बाजारात या सगळ्या वस्तू मिळतात. क्षयरुग्णाच्या घरी त्या रोज आणि सगळ्यांच्या ताटात पोहोचतात की नाही, हे शेजाऱ्यांनी, आशाताईंनी आणि गावाने मिळून पाहायचे आहे.